करंबवण्याचं देणं

माझा पगार ज्या कामावर चालतो ते काम थोडक्यात असं: मालवणच्या किनाऱ्यालगत, जिथं खडकांवर प्रवाळ वाढतात, तिथल्या पाण्यात आणि गाळात काय काय मिसळलंय ते मोजायचं, त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि दर हंगामात त्या मागच्या नोंदींशी ताडून बघायच्या. लोक विचारतात, हे कुठं शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगते, आणि ते खरंही आहे. पण या कामाची नजर मला ज्यांनी दिली ते चौथीपर्यंत शिकलेले, भोईवाडीत राहणारे, दाभोळच्या खाडीत होडी चालवणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांचं आणि त्यांच्या घराचं माझ्याकडे जे येणं आहे, ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

लोटे माझं गाव. चिपळूण सोडून परशुराम घाट चढलं की लोट्याचा सडा लागतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या सड्यावर औद्योगिक वसाहत आली आणि पुढं ती मुख्यतः रसायनांची झाली. कीटकनाशकं, रंग, औषधांचा कच्चा माल. सडा उंचावर आणि खाडी खाली, त्यामुळे सड्यावरचं पाणी कधी सोनपात्रा नदीनं कोतवली गावाकडे, कधी दुसऱ्या एखाद्या पऱ्ह्यानं, पण शेवटी खाडीतच उतरतं. सह्याद्रीतून येणारी वाशिष्ठी आणि खेडची जगबुडी यांना पोटात घेऊन ही खाडी दाभोळला समुद्राला मिळते. वसाहतीचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात गोळा होतं आणि तिथून पाइपानं करंबवण्याला खाडीत सोडतात.

माझे अण्णा याच वसाहतीत ऑपरेटर होते. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पाळ्यांवर आमच्या घराचं जेवणखाण, झोप, पाहुणेरावळे सगळं ठरत असे. माझी शाळेची फी, आईची औषधं, घरावरची कौलं बदलून घातलेला पत्रा, सगळं त्या पगारातून आलं. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांचं असंच होतं. म्हणून वसाहतीबद्दल बोलताना माझ्या तोंडून सरसकट शिवी निघत नाही. मात्र एक हिशेब मला फार लवकर कळला. सांडपाणी पूर्ण शुद्ध करायला पैसा लागतो. तो जिथं जिथं वाचवला गेला, तिथं तिथं तो खर्च नाहीसा झाला नाही. तो खाली उतरला आणि खाडीतल्या माणसांनी भरला. माझ्या शिक्षणात अण्णांच्या घामाइतकाच करंबवण्याच्या, कोतवलीच्या भोयांचा वाटा आहे. त्यांना तो कुणी विचारून घेतला नव्हता.

हा हिशेब माझ्या एकटीचा नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची पश्चिम घाट तज्ज्ञ समिती 2010 साली नेमली गेली. तिनं लोट्याची पाहणी केली आणि 31 ऑगस्ट 2011 रोजी दिलेल्या अहवालात लोट्यावर स्वतंत्रपणे लिहिलं. प्रक्रिया केंद्राला येणारं सांडपाणी पेलत नाही, ते ओढ्यांत उतरतं, कोतवलीचं पाणी बिघडलंय, आणि त्या गावच्या सरपंचांनी हतबल होऊन ओढ्याचं तेच पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, हे त्यात आहे. वसाहतीत सुमारे 11,000 लोकांना काम मिळालं आणि दाभोळ खाडीतली मासळी घटल्यानं 20,000 जणांचा रोजगार गेला, असं मच्छीमारांचं म्हणणंही त्यात नोंदवलेलं आहे. आणखी एक नोंद मला कायम अस्वस्थ करते. ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात जिल्ह्यात एकूण 191 दिवस जमावबंदीचे आदेश होते. ज्यांचं पाणी बिघडलं त्यांनी एकत्र उभं राहून ते सांगायचं, तर त्यालाही बंदी.

चिपळूणच्या डीबीजे महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असताना आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी प्रकल्पासाठी विषय विचारले. मी खाडीचं पाणी म्हटलं. सरांनी काचेच्या बुचाच्या बीओडी बाटल्या काढून दिल्या, रसायनं मोजून दिली आणि म्हणाले, काठावरून पाणी भरशील तर ते काठाचं पाणी. होडी शोध. अण्णांच्या पाळीत भोईवाडीतला एक मुलगा होता. तो म्हणाला, आमच्या तात्यांना विचारतो.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. तिची पहिली पायरी होडीतच उरकावी लागते, घरी येऊन चालत नाही. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू जास्त तितका तो गडद. अजिबात नसेल तर साका पांढरा राहतो. पुढचं आम्ल, हायपो आणि स्टार्चचं काम प्रयोगशाळेत होतं, पण खाडी जिवंत आहे की नाही हे होडीतच दिसतं.

मी पहिल्यांदा हे करत होते तेव्हा तात्या वल्हं धरून न बोलता बघत होते. वरच्या अंगाला भरलेल्या बाटलीत चांगला चहासारखा रंग आला. पाइपाच्या खालच्या अंगाला, तळाजवळून काढलेल्या बाटलीत साका जवळजवळ पांढरा बसला. त्यांनी बाटली हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि विचारलं, “पांढरं म्हंजे काय, बाय?”

“म्हणजे यात श्वास नाही, तात्या.”

त्यांनी बाटली जपून परत दिली. म्हणाले, “मंग आता मी सांगतो तिथं भर.”

त्या दिवसापासून नमुने कुठं घ्यायचे ते त्यांनी ठरवलं. मी पुस्तकातून काढलेल्या जागा नकाशावर सारख्या अंतरानं मांडल्या होत्या. तात्यांच्या जागांना कारणं होती. एका वळणावर पूर्वी कालवांचा खडक होता, आता तिथं नुसती शिंपं. एका पुळणीच्या कडेला बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिसऱ्या काढायच्या, तिथं आता पाय टाकला की काळा चिखल वर येतो आणि कुजक्या अंड्याचा वास मारतो. “पान्याचा रंग बघू नको, रंग फसवतो. चिखल हातात घे.” खाडीतला बारीक गाळ जड धातू आणि तेलकट रसायनं धरून ठेवतो, पाणी निघून जातं आणि गाळ राहतो, हे मी पुढं पुस्तकांत वाचलं. तात्यांच्या हाताला ते आधीपासून ठाऊक होतं.

वेळही तेच ठरवत. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. तेव्हाचा नमुना घ्याल तर सगळं छान दिसतं. सुकती संपत आली की खाडीचं स्वतःचं पाणी कळतं. उधाणाला पाण्याची ये-जा मोठी. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ती अगदी मंद. “भांगाला पानी हलत नाय. आलेलं जात नाय,” असं ते म्हणत, आणि मासा मरायचा तो बहुतेक त्याच दिवसांत मरतो असा त्यांचा ठाम अनुभव होता. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात नवल काहीच नाही: पाण्याची अदलाबदल कमी झाली की सोडलेलं द्रव्य जागेवर साचतं.

तात्यांचा आणखी एक धडा मला कुठल्याच पुस्तकात मिळाला नसता. होडी सोडण्याआधी ते चिपळूणच्या बाजूला कुणाला तरी विचारून घेत, वर कोयनेचं पाणी सुटलंय का. कोयना धरणाचं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहांवर येतं आणि वीज करून वाशिष्ठीत उतरतं. विजेची मागणी जशी वाढते-उतरते तसा त्याचा जोर. साठच्या दशकात हे पाणी आलं तेव्हापासून खाडीचा खारेपणा ऋतूबरोबर विजेच्या वेळापत्रकावरही हलू लागला. म्हणजे नमुन्यात रसायन कमी आलं तर प्रक्रिया केंद्र नीट चाललं असं थेट म्हणता येत नाही. कदाचित त्या दिवशी महाराष्ट्रात पंखे जास्त फिरत होते आणि घाटावरचं गोडं पाणी खाडीत मिसळलं होतं. खारेपणा मोजल्याशिवाय बाकीच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही, हे मला तात्यांनी शिकवलं. ते जीभ लावून खारेपणा सांगत. मी त्यांना पुढं तसं करू दिलं नाही. पाणी चाखायचं पाणी राहिलं नव्हतं.

त्यांच्या घरी माळ्यावर बाटल्यांची एक रांग होती. लोणच्याच्या, सरबताच्या, औषधाच्या. मासे मरून वर आले की तात्या त्या दिवशीचं पाणी भरून ठेवत. प्रत्येक बाटलीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, अक्षर नातवाचं, तारखेच्या जागी तिथी. कधी तरी कुणी साहेब येईल, विचारेल, तेव्हा दाखवता येईल म्हणून. मला त्यांना सांगावं लागलं की हे पाणी आता काहीच सांगणार नाही. प्राणवायू काही तासांत बदलतो, जंतू आपलं काम करतात, कित्येक द्रव्यं काचेला चिकटतात. आणि कायद्याचं वेगळंच. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नमुना अधिकाऱ्यानं रीतसर सूचना देऊन घ्यायचा, त्याचे भाग करायचे, सील करायचे, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. तसा घेतलेला नसेल तर त्याचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. रात्री दोन वाजता मासे वर आले तर तात्यांनी भरलेली बाटली म्हणजे फक्त बाटली.

चिठ्ठ्यांचं मात्र तसं नव्हतं. कोणत्या तिथीला, भरतीला की सुकतीला, कुठल्या वळणावर, कुठला मासा आधी तडफडला हे सगळं त्यांत होतं. मी त्या उतरवून घेतल्या. बोई, तांबोशी, शेंगाळा, खजुरा, कोळंबी. तळाशी राहणारा मासा आधी मेला की वरच्या पाण्यातला, यावरून विष आलं की प्राणवायू संपला याचा अंदाज बांधता येतो. सरांनी ती वही वाचली आणि माझ्या प्रकल्पाचं पहिलं प्रकरण म्हणून तीच घालायला लावली. ते म्हणाले, तुझे आकडे आजचे आहेत, यांच्याकडे कालचं आहे.

या ‘काल’ची किंमत मला मालवणला आल्यावर पुरती कळली. सड्यावर रसायनांची वसाहत येण्याआधीचं खाडीचं पाणी कुणी पद्धतशीर मोजून ठेवलं असतं, तर पुढचा सगळा वाद दोन तक्ते शेजारी ठेवून मिटला असता. ते झालं नाही. त्यामुळे इथं काय होतं हे सांगायला फक्त माणसं उरली, आणि माणसांच्या सांगण्याला कागद लागतो. प्रवाळांचं तसं नव्हतं: वसाहत आली त्याच सुमारास, 1979 साली, कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत रत्नागिरी होतं, मालवण होतं. आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की लोकांना अंदमान-लक्षद्वीप आठवतं. आपल्या गढूळ, पावसाळ्यात गोड्या होणाऱ्या पाण्यातही पोरायटिससारखी चिवट जात तग धरून आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 13 एप्रिल 1987 रोजी सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि सूर्यप्रकाशावर त्याला अन्न करून देतं. पाणी तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. मालवणला असं विरंजन नोंदवलं गेलेलं आहे. पण पांढरं पडण्याचं कारण दर वेळी उष्णताच असेल असं नाही. डाययुरॉनसारखी तणनाशकं वनस्पतींतलं प्रकाशसंश्लेषण थांबवण्यासाठीच बनवलेली असतात. ती शेतातून वाहून समुद्रात आली की प्रवाळातल्या शैवालालाही सोडत नाहीत. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात 2005 पासून कीटकनाशकांची, तणनाशकांची नियमित मोजणी चालते ती यासाठीच. आपल्या नियमांतही किनारी पाण्याचे वर्ग आहेत. परिसंस्थेच्या दृष्टीनं संवेदनशील भागासाठी पहिला वर्ग, तिथं लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पण प्राणवायू पुरेसा आहे म्हणून प्रवाळ सुरक्षित आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

लोट्याचं पाणी मालवणच्या प्रवाळापर्यंत येतं असा दावा मी करत नाही. मध्ये दीडशेहून अधिक किलोमीटरचा किनारा आहे. मालवणचे त्रास वेगळे: शौचखड्ड्यांचं झिरपणारं पाणी, होड्यांचं डिझेल, बोटींच्या तळाचे रंग, पर्यटकांची गर्दी. मी इथं आणली ती तात्यांची रीत. कामाला लागले तेव्हा आधी नकाशावर ठिपके काढले नाहीत. गाबीतवाड्यातल्या जुन्या रापणकरांकडे जाऊन बसले आणि विचारलं, पूर्वी कुठं काय होतं? कुठल्या खडकावर पाय टाकायला जागा नसायची? पाणी कुठं अडून राहतं? मग तिथं नमुना, सुकतीच्या शेवटी, खारेपणा आधी, आणि पाण्याबरोबर गाळ. माझ्या नोंदींचा पहिला स्तंभ मच्छीमारांनी सांगितलेल्याचा असतो. सुरुवातीला वरिष्ठांना तो खटकला. पुढं त्यातल्या दोन जागांवर तेलाचे अंश सापडले तेव्हा तो स्तंभ कायम झाला. मालवणला निदान आजचा आकडा लिहून ठेवायला वेळ आहे, आणि ती घाई माझ्या अंगात करंबवण्यानं घातली आहे.

आता काकींविषयी. तात्यांच्या पत्नी. त्या खेडच्या बाजारात मासळी विकत. खाडीतली मासळी घटली हा पहिला घाव. दुसरा घाव असा की उरलेलीही विकेना. “खाडीचं हाय म्हटलं की बाई टोपलीवरचा हात मागं घेते,” असं त्या सांगत. खोटं बोलून समुद्राची म्हणून विकावी, तर ते त्यांना जमत नसे. पुढं त्या दाभोळहून बर्फातली मासळी आणून विकू लागल्या. नवरा होडीवाला आणि बायकोनं मासळी विकत घ्यायची, यात काय गेलं ते पैशात मांडता येत नाही. माझा प्रकल्प पुरा झाला तेव्हा मी तो घेऊन त्यांच्याकडे गेले. प्राणवायू, बीओडी, सीओडी, सगळं मराठीत समजावून सांगितलं. काकींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे मासा खायचा का नाय?”

माझ्या तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतं. बीओडी सांगतो की पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागेल. सीओडी त्याच प्रश्नाची दुसरी बाजू. माशाच्या मांसात काय साठलंय हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी मासा, कालवं हीच तपासावी लागतात. अमेरिकेतल्या एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 साली सुचवलं होतं की किनारपट्टीवरचे शिंपलेच पहारेकरी समजावेत. ते जागा सोडत नाहीत, तासाला काही लिटर पाणी गाळतात आणि पाण्यात मोजताही येणार नाहीत इतकी थोडी द्रव्यं अंगात साठवतात. त्यावर जगभर ‘मसल वॉच’ नावाचे कार्यक्रम उभे राहिले. आमच्या खाडीतल्या कालवांना ते काम कुणी सांगितलं नाही.

काकींचा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अवघड झालाय. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिसिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. तिथून पीफास या गटातली रसायनं, जी निसर्गात जवळजवळ तुटतच नाहीत, भूजलात उतरली आणि सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. कारखाना 2018 साली दिवाळखोरीत गेला. जून 2025 मध्ये विचेंझाच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन लोट्याला आणली गेली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मी यावरून कुणावर आरोप करत नाही. तपासल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. पण नेहमीच्या पीएच, बीओडी, सीओडीच्या चाचण्यांत हा गट दिसत नाही. लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजणारं यंत्र लागतं, नमुन्याच्या बाटलीला टेफ्लॉनचं झाकणही चालत नाही, कारण टेफ्लॉन त्याच घराण्यातलं. वसाहत उभी राहताना पहिला आकडा घ्यायचा राहून गेला. तेच पुन्हा होऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि वाट बघण्यात रोजचा दिवस जातोय.

तात्यांनी होडी नातवाला दिली आहे. गुडघे धरतात, पण अंगणात बसून ते अजून जागा सांगतात. यंदा थंडीत, भांगाच्या सुकतीला, आम्ही त्यांनी दाखवलेल्या ठिकाणांची कालवं काढणार आहोत: पाइपाच्या वरच्या अंगाची, खालच्या अंगाची, आणि तुलनेला दाभोळच्या मुखाजवळची. कालवं कुठल्या खडकाला अजून धरून आहेत हे काकींच्या सुनेला माहीत आहे, म्हणून कोयता घेऊन ती होडीत असेल. गाळही घेऊ. चाचणी महाग आहे, तिचा खर्च माझ्या पगारातून जाईल. अहवाल इंग्रजीत येतो. काकींनी बजावलंय की उत्तर मराठीत लिहून हवं, खाली सही करून, म्हणजे बाजारात कुणी विचारलं तर दाखवता येईल.